व्याही दोन्हीकडून बातमीदार! (अमल क्लूनीचं माहेर-सासर)

रेडिंगकरीण

माझी लेक २०१७ च्या जूनमध्ये झाली. त्याच आठवड्यात, ६ तारखेला, लंडनमध्ये अमल क्लूनीला (मानवाधिकारांची वकील, नट जॉर्ज क्लूनीची बायको) जुळं झालं, मुलगी एला आणि मुलगा अलेक्झांडर. साताऱ्याहून आई माझ्या बाळंतपणाला आलेली. टीव्हीवर बातमी लागली तशी तिने डिंकाचे लाडू वळता वळता विचारलं, "तिची आई आली असेल का गं?"

"कोणाची?"

"अगं, त्या वकिलीणबाईंची. जुळ्याला हाताशी दोन माणसं लागतात."

जगभरचे पेपर बाईंचा पोशाख, घर आणि नवरा यांवर लिहीत होते. माझ्या आईला मात्र एकच प्रश्न पडला होता. मग काय, रात्री दोन वाजता पोर मांडीवर, मोबाईल डाव्या हातात, आणि मी शोधतेय 'अमल क्लूनीची आई'. तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. आज लिहायला बसलेय, तर जरा लांबण लागेल.

आईचं नाव बारिया. माहेर उत्तर लेबनॉनमधल्या त्रिपोलीचं, सुन्नी मुसलमान. पेशाने राजकीय पत्रकार, 'अल-हयात' या अरबी दैनिकाच्या परराष्ट्र संपादक होत्या. वडील रम्झी अलामुद्दीन, शूफच्या डोंगरातल्या बाकलीन गावचे, द्रूझ पंथाचे. बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठात शिकले, पुढे तिथेच व्यवसायशास्त्र शिकवलं, शिवाय प्रवासी कंपनी चालवली. अमलचा जन्म ३ फेब्रुवारी १९७८, बैरुत. यादवी युद्ध सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. ती दोन वर्षांची असताना कुटुंब इंग्लंडला आलं आणि जेरार्ड्स क्रॉस नावाच्या गावात राहिलं. रेडिंगहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे ते. हिरवळ, गोल्फ, मोठाली घरं. युद्ध संपल्यावर १९९१ मध्ये वडील लेबनॉनला परतले. सख्खी बहीण ताला, आणि वडिलांच्या पहिल्या लग्नाचे दोन भाऊ, सामेर आणि झियाद. म्हणजे चार भावंडं. अमल जवळच्याच मुलींच्या शाळेत शिकली, मग ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज कॉलेजात कायदा, मग न्यूयॉर्क.

आता सासर. सासरे निक क्लूनी, सिनसिनाटीच्या टीव्हीवर वर्षानुवर्षं बातम्या देणारे, पेपरात स्तंभ लिहिणारे. सासूबाई नीना, तरुणपणी सौंदर्यस्पर्धा जिंकलेल्या, पुढे केंटकीतल्या ऑगस्टा या नदीकाठच्या छोट्या गावाच्या कौन्सिलवर. आत्या रोझमेरी क्लूनी, ही एके काळची गाजलेली गायिका. जॉर्ज नट व्हायला निघाला तेव्हा आधी आत्याच्या बेव्हर्ली हिल्समधल्या घरीच उतरला होता. नातेवाईक मोठ्या शहरात असले की काय होतं ते आपल्याला सांगायला नको.

तर मुद्दा असा की इकडे विहीणबाई परराष्ट्र संपादक आणि तिकडे व्याही वृत्तनिवेदक. दोन्ही घरी रात्रीच्या जेवणाला बातमीच वाढलेली. आणि अमलच्या अशिलांची यादी बघा. इजिप्तमध्ये तुरुंगात पडलेला मोहम्मद फाहमी, अझरबैजानची खदीजा इस्माईलोवा, म्यानमारमधले रॉयटर्सचे वा लोन आणि क्याव सो ऊ, फिलिपिन्सची मारिया रेसा. सगळे पत्रकार! मला वाटतं या बाईने आईचाच धंदा पुढे चालवला, फक्त बाजू बदलून. आई बातमी द्यायची, लेक बातमी देणाऱ्याला सोडवते.

आणि याच कुटुंबाचं सगळ्यात मोठं भांडण कोणाशी झालं? पेपरवाल्यांशी.

जुलै २०१४, लग्नाला अडीच महिने होते. 'डेली मेल'ने छापलं की बारियाबाईंना हे लग्न पसंत नाही, मुलगा द्रूझ हवा होता, बैरुतमध्ये त्या लोकांना तसं सांगत फिरताहेत. आपल्याकडे याला रुसलेली विहीण म्हणतात आणि अशी गोष्ट दोन मिनिटांत गल्लीभर होते. जॉर्जने दुसऱ्या पेपरात सही करून उत्तर दिलं. त्याने सांगितलं की ती बाई द्रूझ नाहीच, आमची ओळख झाल्यापासून ती बैरुतला गेलेलीही नाही, लग्नाला तिचा विरोध नाही. 'मेल'ने माफी मागितली, ती त्याने घेतली नाही, कारण त्यांनीच आधी छापलेल्या एका लेखात अमलच्या वडिलांनी द्रूझ पंथाबाहेर लग्न केल्याचं लिहिलं होतं. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या कपाटात खरी माहिती होती. त्याला राग विहिणीच्या बदनामीपेक्षा एका गोष्टीचा जास्त होता. धर्माचं भांडण नसताना ते लावून दिलं की कुठेतरी कोणीतरी खरंच मारायला उठतो, आणि आमची माणसं जगभर पसरलेली आहेत, असं तो म्हणाला.

तर माझा प्रश्न. तुमच्या मते अशा कुटुंबाबद्दल आपण किती चौकशी करावी? मी आत्ता जे वर केलं ते काय होतं, वाचन की भोचकपणा? :)

पाचवा_बाक

मी पहिला! मस्त लिहिलंयस. लाडू शिल्लक आहेत का?

तळ्यात_मळ्यात

वाचतेय. 'बाजू बदलून' हे आवडलं.

एक भर. लग्न झालं तेव्हा ती ३६ ची, तो ५३ चा. २०१८ मध्ये जॉर्जच्या सत्काराच्या कार्यक्रमात तिने भर व्यासपीठावर सांगितलं की ३५ व्या वर्षी मी बिनलग्नाची राहणार असं जवळजवळ धरून चालले होते. ऑक्सफर्ड, न्यूयॉर्क, हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय, लेबनॉनच्या हरीरी खून खटल्याचं न्यायाधिकरण, एवढं सगळं पदरात असून! माझ्या मावसबहिणीला ३१ व्या वर्षी "आता घटस्फोटित चालेल का?" असं विचारलं होतं, ते आठवलं. (जॉर्जही घटस्फोटितच. पहिलं लग्न १९८९ ते १९९३.)

शंकेखोर

धागा छान, पण मला पटलं नाही. खासगीपणा एवढा प्यारा तर व्हेनिसला लग्न कशाला? चार दिवस पाण्यातून होड्या, होड्यांतून पाहुणे, मागे फोटोवाल्यांच्या होड्या. लग्नाचे फोटो मासिकांना विकले. मग मुलांचे फोटो आले की कोर्टात जाऊ म्हणायचं. हौस पण करायची आणि नजर पण लागू द्यायची नाही!

रेडिंगकरीण

@शंकेखोर, फोटो विकले हे खरं, पैसे धर्मादाय गेले. पण दोन गोष्टींत फरक आहे. लग्नाचा फोटो त्यांनी दिला. बाळांचा फोटो? जुलै २०१७, मुलं दोन महिन्यांचीही नव्हती. जॉर्जच्या म्हणण्याप्रमाणे फोटोवाले कुंपणावरून चढले, झाडावर बसले आणि घराच्या आतल्या बाळांचे फोटो काढले. ते एका फ्रेंच मासिकाने छापले. माझीही मुलगी तेव्हा तेवढीच होती म्हणून असेल, पण झाडावरचा माणूस ही कल्पना माझ्या डोक्यातून गेली नाही. आई तर दुपारी पडदे लावून घ्यायला लागली होती. आम्हाला कोण विचारतंय!

नोव्हेंबर २०२१ मध्ये जॉर्जने पेपरांना उघडं पत्र लिहिलं की मुलांचे चेहरे छापू नका. कारण नटाच्या प्रसिद्धीचं दिलेलं नाही. बायको दहशतवादी गटांना कोर्टात उभं करते, त्यामुळे मुलांना धोका आहे, हे कारण. त्याच महिन्यात फ्रँकफुर्टच्या कोर्टाने आयसिसच्या एका माणसाला यझिदींच्या (इराकमधला एक अल्पसंख्य समाज) वंशसंहारासाठी दोषी ठरवलं, जगातला असा पहिला निकाल. साखळीने उन्हात बांधून ठेवलेली पाच वर्षांची यझिदी मुलगी तहानेने मेली, तो खटला. त्या मुलीच्या आईच्या वकिलांत अमल होती. हे डोळ्यांसमोर ठेवून पत्र वाचलं तर ते नखरे वाटत नाहीत.

शंकेखोर

हे माहीत नव्हतं. होड्यांबद्दलचं मत कायम. :)

दुबईकर_जोशीबुवा

बारा वर्षं दुबईत आहे, ऑफिसात निम्मे लेबनीज. द्रूझ भानगड जरा उलगडून सांगतो, कारण 'डेली मेल'ची गोष्ट लोकांना खरी का वाटली ते त्यात आहे.

द्रूझ हा हजार वर्षांपूर्वी शिया इस्माइलींमधून फुटलेला पंथ. अकराव्या शतकात दार बंद झालं, ते कायमचं. आत कुणाला घेत नाहीत, धर्मांतर नाही. पुनर्जन्म मानतात. माझा एक सहकारी शूफचाच. तो एकदा कॉफी ओतता ओतता अगदी सहज म्हणाला, "माझा चुलतभाऊ मागच्या जन्मी शेजारच्या गावात सुतार होता, त्याच्या जुन्या बायकोला भेटूनही आलाय." आपला माणूस असता तर मी हसलो असतो. पण तो ज्या सुरात म्हणाला त्याने मी कॉफीच बघत बसलो.

तर लग्न पंथातच, हा दंडक कडक. धार्मिक हिशोबाने आई-बाप दोन्ही द्रूझ असतील तरच मूल द्रूझ. लेबनॉनच्या सरकारी वहीत मात्र बापाचा पंथ तोच मुलाचा. त्यामुळे रम्झी अलामुद्दीन आणि बारिया यांचं लग्न हीच खरी चाकोरी मोडणारी गोष्ट होती. लेकीने परधर्मीयाशी लग्न केलं यात नवल ते काय, घरात पायंडा होताच.

आणि हे बघा, लेबनॉनमध्ये आजही देशात राहून नोंदणी पद्धतीने लग्न करता येत नाही. १८ मान्यताप्राप्त पंथ, ज्याचं त्याचं धार्मिक न्यायालय. दोन वेगळ्या पंथांची पोरं काय करतात? विमान पकडून सायप्रसला जातात, लग्न करून परत येतात. तिकडचं नोंदणी लग्न मात्र सरकार मान्य करतं! तिथे हॉटेल, विमान, कागदपत्रं, साक्षीदार असं एकगठ्ठा पॅकेज मिळतं.

चष्मिष

@दुबईकर_जोशीबुवा, प्रतिसाद साठवून ठेवलाय.

आपल्याकडे १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे म्हणून सायप्रस गाठावं लागत नाही, पण ३० दिवसांची नोटीस लागते. आमची लागली होती. विवाह नोंदणी कार्यालयाच्या भिंतीवर, काचेमागे, फोटोसकट. सासऱ्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ती वाचली आणि संध्याकाळी घरी फोन. पुढचा महिना कसा गेला ते लिहीत नाही.

गंमत म्हणजे जॉर्ज-अमलची नोटीसही ऑगस्ट २०१४ मध्ये लंडनला केन्सिंग्टन अँड चेल्सीच्या टाऊन हॉलमध्ये लागलीच होती. लोकांनी जाऊन फोटो काढले. भिंतीवरच्या कागदासमोर सगळे सारखे.

मेथीची_जुडी

मला भाषेचा भाग सर्वांत रंजक वाटतो. बाईंना अरबी, फ्रेंच, इंग्रजी येतं. मुलं इटालियन बोलायला लागली, अस्खलित, आणि आई-बाप दोघांनाही ती धड येत नाही! आपणच पोरांच्या हातात हत्यार दिलं, असं जॉर्ज म्हणाला होता.

आमच्याकडे हेच. आम्ही म्युनिकला. मुलगा आणि मुलगी भांडतात जर्मनमध्ये, आणि मी मध्ये पडले की "आई, तुला कळलं नाहीये" असं मराठीत सांगतात.

दुबईकर_जोशीबुवा

लेबनीज आजीला 'तेता' म्हणतात आणि आजोबांना 'जिद्दो'. आणि आजी नातवाला लाडाने काय म्हणते माहितीये? 'तोओबोरनी'. शब्दशः अर्थ, 'तू मला पुरावंस'. म्हणजे तुझ्या आधी मी जावं, तुझ्याशिवाय जगायची वेळ येऊ नये. ऑफिसातल्या बाई फोनवर तीन वर्षांच्या नातीला दहा वेळा हे म्हणायच्या. अर्थ कळला तेव्हा अंगावर काटा आला. आमची आजी 'माझं आयुष्य तुला लागो' म्हणायची ते आणि हे एकाच घरातलं.

वकील_पण_साधा

मुंबई उच्च न्यायालयात वकिली करतो, त्यामुळे दोन शब्द.

जानेवारी २०१५, स्ट्रासबर्गचं युरोपीय मानवाधिकार न्यायालय, आर्मेनियन वंशसंहार नाकारणाऱ्या पेरिंचेक या तुर्की राजकारण्याचा खटला. अमल आर्मेनियाच्या बाजूने उभी राहणार. बाहेर बातमीदाराने विचारलं, आज कोणाचे कपडे? ती म्हणाली, ईड अँड रेव्हन्सक्रॉफ्ट. म्हणजे लंडनचे १६८९ पासूनचे वकिली झग्यांचे शिंपी! काळा झगा दाखवून दिलेलं उत्तर. आम्ही बार रूममध्ये पोट धरून हसलो होतो. बातमीदारांना बहुतेक दोन दिवसांनी कळलं.

कुटुंबाचा विषय निघालाच आहे तर, माझ्या पहिल्या दिवशी आईने पांढऱ्या बँडला तांदळाची खळ लावून दिली होती. एवढी की दुपारपर्यंत गळा सोलून निघाला. न्यायमूर्तींनी तारीख दिली आणि मी मान वळवू शकत नव्हतो म्हणून अख्खा कमरेतून वाकून 'ओब्लाइज्ड' म्हणालो. ते म्हणाले, इतकी नम्रता नको.

गोदाकाठ

ऑक्सफर्ड आणि कायदा म्हटलं की आम्हा नाशिककरांना कॉर्नेलिया सोराबजी आठवायलाच हवी. जन्म १८६६, नाशिक. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी, आणि ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकलेली पहिली बाई, भारतातली नव्हे, एकूणच पहिली. १८९२ मध्ये परीक्षा दिली, पण इंग्लंडमध्ये बायकांना वकिलीची सनद देत नसत. ती मिळायला १९२० चं दशक उजाडलं. तोवर तिने काय केलं? संस्थानं आणि जमीनदारांच्या घरच्या पडदानशीन विधवांची, अज्ञान वारसांची प्रकरणं बघितली. पुरुष वकिलासमोर त्या येऊच शकत नव्हत्या.

तिच्याही घरचं बघा. वडील पारशाचे ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना हिने पुण्यात व्हिक्टोरिया शाळा काढली. बहीण सूझीने सेंट हेलेना शाळा. या धाग्यावरच्या निम्म्या पुणेकरणी तिथे शिकल्या असतील!

तिथेही आई आधी, मग लेक. रेडिंगकरीण यांच्या मुद्द्याला हे जोडून घ्या.

आजीचा_बटवा

सेंट हेलेनाची मी! सूझी सोराबजी यांचा फोटो रोज बघितलाय, बहीण वकील होती हे आज कळतंय.

तळ्यात_मळ्यात

आडनावाचं राहिलंच की. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये तिच्या चेंबर्सच्या (वकिलांच्या कचेरीच्या) संकेतस्थळावर एकाएकी 'अमल क्लूनी' झळकलं आणि इकडे दंगा. एवढी शिकलेली, एवढी स्वतंत्र, आणि नवऱ्याचं नाव लावलं?

मी स्वतः लावलेलं नाही, पण दुसऱ्या बाईने लावलं तर मला काय त्याचं. शिवाय 'अलामुद्दीन'ला नाकं मुरडणाऱ्या देशात 'क्लूनी'ने दारं उघडत असतील तर तिने का वापरू नयेत? अशील तुरुंगात सडतोय आणि तुम्ही आडनावाचं तत्त्व कवटाळून बसणार?

चष्मिष

उलट बाजू पण आहे. ती वाट्याला आली जॉर्जच्याच. २०१५ च्या गोल्डन ग्लोब्जला सूत्रसंचालिका टीना फेने अमलचं काम एका दमात वाचून दाखवलं. एन्रॉनचं प्रकरण, सीरियावर कोफी अन्नानची सल्लागार, गाझासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगावर निवड. आणि शेवटी, 'म्हणून आज जीवनगौरव पुरस्कार तिच्या नवऱ्याला.' सभागृहात हशा पिकला. जॉर्जही हसत होता.

शंकेखोर

गाझा आयोगाचं नाव घेतलंत म्हणून. ते काम तिने नाकारलं होतं, ऑगस्ट २०१४ मध्ये, हातात दुसरी प्रकरणं आहेत म्हणून. आणि २०२३ च्या ऑक्टोबरनंतर कित्येक महिने बाई गप्प. जन्म बैरुतचा, आई अरबी पत्रकार, आणि तोंडातून शब्द नाही. अरब लोक तिच्या नावाने बोटं मोडत होते. हेही कुटुंबाच्याच विषयात येतं.

वकील_पण_साधा

@शंकेखोर, गप्प का होती ते २० मे २०२४ ला कळलं. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्याने पुरावे तपासायला तज्ज्ञांची समिती नेमली होती, अमल त्या समितीवर होती. त्या दिवशी अभियोक्त्याने हमासचे नेते आणि इस्राएलचे नेतान्याहू-गॅलंट अशा दोन्ही बाजूंच्या अटक वॉरंटसाठी अर्ज केला, समितीचा अभिप्राय एकमताचा होता. समितीवर असताना रोज ट्वीट करायची असते का? ज्याच्या हातात ब्रीफ असते तो बोलत नाही. एवढी शिस्त आमच्या बार रूममध्येही पाळतात, निदान चहा येईपर्यंत.

मग दुसऱ्या बाजूचे लोक बोटं मोडायला लागले, ते वेगळं.

शंकेखोर

मान्य. पण लोकांनी तिच्याकडून 'आपली माणूस' म्हणून अपेक्षा केली, यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

दुबईकर_जोशीबुवा

आपली माणूस? तिच्या पोरांना लेबनॉनचा पासपोर्ट आईकडून मिळू शकत नाही! १९२५ चा फ्रेंच अमदानीतला हुकूम आहे, नागरिकत्व बापाकडूनच. लेबनीज बाईने परदेश्याशी लग्न केलं तर तिची मुलं परकी. गावात जन्मलेली, तिथेच शाळेत गेलेली हजारो मुलं राहण्याच्या परवान्यासाठी रांगेत उभी असतात. मध्यंतरी बायकांनी मोर्चे काढले, कायदा तसाच आहे. कारण उघड आहे. पंथांचा आकडा हलला की खुर्च्यांचा हिशोब हलतो. अध्यक्ष मारोनी ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया.

जगभरच्या अशिलांचे हक्क मांडणाऱ्या बाईच्या स्वतःच्या पोरांची ही गत. त्यांना फरक पडत नाही म्हणा, जन्म लंडनचा, बाप अमेरिकन.

गोदाकाठ

हसू नका, आपल्याकडेही हेच होतं. परदेशात जन्मलेल्या मुलाला भारताचं नागरिकत्व फक्त वडिलांमुळे मिळायचं. आईमुळे मिळायला लागलं १९९२ च्या दुरुस्तीनंतर. माझ्या मावशीचा थोरला १९८८ चा नायजेरियात जन्मलेला, वडील तिकडचे. धाकटा १९९४ चा. एका घरात दोन भाऊ, दोन नियम. राखीला दोघे एकत्र बसले की थोरला म्हणतो, "मी पाहुणा, मला आधी वाढा."

मेथीची_जुडी

हा धागा कुठून कुठे गेला! मजा येतेय.

सासरेबुवांबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. निक क्लूनी २००४ मध्ये केंटकीतून काँग्रेसच्या निवडणुकीला उभे होते, डेमोक्रॅट म्हणून. विरोधकांनी प्रचार केला, हॉलिवूड विरुद्ध मातीतली माणसं. मुलगा नामवंत नट, हेच बापाला नडलं. पडले. आपल्याकडे मुलगा नट असता तर बिनविरोध आले असते. :))

आणि मार्च २०१२ मध्ये वॉशिंग्टनला सुदानच्या दूतावासासमोर निदर्शनं करताना बाप-लेक दोघांना एकत्र अटक झाली. ७८ वर्षांचे निक हाताला प्लॅस्टिकच्या बेड्या लावून. सहा वर्षं आधी सुदानमधल्या दारफूरच्या निर्वासितांची परिस्थिती बघायला चाडच्या सीमेवर दोघं एकत्र गेले होते, म्हणजे हा एका दिवसाचा उत्साह नव्हे. अमल घरात यायच्या आधीचं आहे हे सगळं. मुलीकडच्यांनी स्थळ बघताना व्याही तुरुंगात जाऊन आलेत हे पत्रिकेत धरलं असेल का?

पाचवा_बाक

आमच्याकडे धरलं असतं, आणि गुण जुळले असते. आजोबा बेचाळीसचे.

आजीचा_बटवा

एक ऑगस्टाची गोष्ट मलाही माहीत आहे. इराकमधून आलेल्या एका यझिदी मुलाला क्लूनी दांपत्याने त्या गावच्या आपल्या घरात ठेवून घेतलं आणि शिकागोला विद्यापीठात घातलं. आयसिसने अडवलेल्या बसमधून वाचलेला मुलगा. २०१७ मध्ये जॉर्जने मुलाखतीत सांगितलं होतं. तोही घरातलाच धरा नातेवाइकांत.

रेडिंगकरीण

सगळ्यांचे आभार. दिवसभर ऑफिसच्या मीटिंगांत चोरून वाचत होते.

एक सांगायचं राहिलं. क्लूनींचं एक घर इथून जवळच्या सॉनिंग गावाशी, थेम्सच्या काठी. तिथला विटांचा जुना पूल इतका अरुंद की एका वेळी एकाच बाजूने गाड्या सुटतात, सिग्नल लावलाय. मुलगी लहान असताना तिला झोपवायला गाडीत घालून मी मुद्दाम त्या रस्त्याने जायचे. लाल दिव्याला थांबलं की शेजारच्या सीटवरून आई मान उंचावून बघायची. दिसायचं काय, तर झाडं, पाणी आणि बदकं. एकदा मी म्हटलं, "आई, आपणही त्या झाडावर चढलेल्या माणसासारखंच करतोय." तर म्हणाली, "आपण गाडीत बसलोय. आणि मला पोरं नाही बघायचीत, दोरीवर लंगोट किती वाळत घातलेत ते बघायचंय."

@शंकेखोर, तुमच्या पहिल्या प्रतिसादावर विचार करत होते. मला वाटतं त्या कुटुंबाने एक रेघ ओढली आहे. आपण दिलं ते घ्या, घरात चढून घेऊ नका. बारियाबाई आणि निक या दोघांनी आयुष्यभर याच रेघेच्या दुसऱ्या बाजूला उभं राहून काम केलं. त्यामुळे ती कुठे असावी हे त्या घराला इतर नट-नट्यांपेक्षा जास्त नेमकं कळत असणार. आता मुलं फ्रान्समध्ये, प्रोव्हान्समधल्या शेतावर वाढताहेत. तिथलं झाड कुंपणापासून लांब असेल अशी आशा.

वकील_पण_साधा

फ्रान्सचा खासगीपणाचा कायदा इंग्लंडपेक्षा कडक आहे. बाई वकील आहेत, घर बघताना हे नक्की बघितलं असणार.

रेडिंगकरीण

अपडेट! आईला व्हॉट्सअ‍ॅपवर धागा पाठवला होता. तिचा आत्ता आवाजी निरोप आलाय, अडीच मिनिटांचा. दोन मिनिटं जोशीबुवांच्या सुताराबद्दल. मग, "बाकी सगळं छान लिहिलंय लोकांनी. पण बाळंतपणाला कोण आलं होतं ते एकानेही सांगितलं नाही."

पाचवा_बाक

काकूंना +१.

मेथीची_जुडी

काकूंना डिंकाच्या लाडवांचं प्रमाण विचार ना. म्युनिकला डिंक मिळाला, पण तुपात तळला की माझा फुलत नाही, चिकट गोळा होतो.

आजीचा_बटवा

डिंक आधी उन्हात दोन दिवस वाळव. ऊन नसेल तर ओव्हन मंद करून अर्धा तास. आणि तूप कडकडीत हवं, एका वेळी चमचाभरच टाक.